जीवाणुरोधी अस्थिभरण पदार्थ

हाडातील पोकळी किंवा तुटीची जागा भरून काढणारे आणि त्याच वेळी तेथे जीवाणूंना वाढू न देणारे पदार्थ. उघडा अस्थिभंग, जुनाट अस्थिमज्जाशोथ (हाड व त्यातील मगज यांचा जंतुसंसर्गजन्य दाह), कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग इत्यादींत ते वापरतात. काही पदार्थ स्वतःच्या रासायनिक गुणामुळे जीवाणूंना मारक ठरतात, तर काही केवळ औषधाचे वाहक असतात. व्यवहारात आजवर दुसऱ्या प्रकाराचेच वर्चस्व आहे.

हाडाला असा वेगळा उपाय लागतो, कारण संसर्गात मेलेल्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि शिरेतून दिलेले प्रतिजैविक तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. त्यातच परकी वस्तू शरीरात असली की संसर्गाला फारच थोडे जीवाणू पुरतात. एलेक व कोनेन यांनी १९५७ मध्ये माणसाच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत पू होण्यासाठी लाखो पुंजगोलाणू (स्टॅफिलोकॉकस जीवाणू) टोचावे लागले. तेथे रेशमी टाका असता काही शेकडा पुरले. रोपणाच्या (शरीरात बसवलेल्या कृत्रिम वस्तूच्या) पृष्ठभागावर चिकटलेले जीवाणू स्वतःभोवती चिकट जैवपटल तयार करतात आणि मग औषधाला सहजी बधत नाहीत. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये या स्थितीला शरीराच्या पेशी आणि जीवाणू यांच्यातील ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ म्हटले. जीवाणू हाडाच्या आतही शिरतात. उंदरांच्या संसर्गित हाडांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले चित्रण या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. एरवी सुमारे एक मायक्रोमीटर व्यासाचा गोल पुंजगोलाणू, अस्थिपेशींना जोडणाऱ्या अर्ध्या मायक्रोमीटरहूनही अरुंद सूक्ष्मनलिकांत लांबट होऊन शिरलेला त्यात दिसतो. वरवर खरवडून स्वच्छ केलेल्या हाडातून वर्षांनंतर पुन्हा पू का येतो, याचे एक पटणारे स्पष्टीकरण त्यातून मिळते.

या कल्पनेचा आरंभ कोठून मानावा याविषयी मतभेद आहेत. बऱ्याच आढाव्यांत तो १९७० पासून धरतात. परंतु हेर्मान ड्रेझमान यांनी १८९२ मध्येच हाडातील पोकळ्या फिनॉल मिसळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याची नोंद केली होती. व्हिएन्नाचे शल्यविशारद आल्बर्ट फोन मोझेटिग-मोरहोफ यांचे भरण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गाजले. त्यात आयोडोफॉर्म (आयोडीनयुक्त जंतुनाशक) ६० भाग, आणि स्पर्म देवमाशाच्या डोक्यातील मेण व तिळाचे तेल प्रत्येकी ४० भाग असत. हे मिश्रण ऊन करून पातळ अवस्थेत कोरड्या केलेल्या पोकळीत ओतत व ते तेथे थिजे. ही दोन्ही भरणे पूतिरोधी (जंतुनाशक, अँटिसेप्टिक) रसायनांची होती. त्या काळी प्रतिजैविके नव्हतीच. म्हणून काही लेखक त्यांना केवळ पूर्वपीठिका मानतात. पोकळी भरणे आणि औषध जागेवरच सोडणे ही दोन्ही कामे एकाच पदार्थावर सोपवण्याची कल्पना मात्र ड्रेझमान यांच्या भरणात स्पष्ट दिसते, म्हणून त्यांना अग्रमान देणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रतिजैविकापुरते श्रेय हांबुर्गचे हान्स व्हिल्हेल्म बुखहोल्ट्स यांच्याकडे जाते. अस्थिसिमेंटात (कृत्रिम सांधा हाडात घट्ट बसवण्याच्या पदार्थात) जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळण्याचे काम त्यांनी १९६९ च्या सुमारास हाती घेतले असावे. एंगेलब्रेख्ट यांच्यासह त्यांचा निबंध १९७० चा आहे.

अस्थिसिमेंट म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे प्लॅस्टिक. भुकटी आणि उग्र वासाचा द्रव एकत्र कालवला की काही मिनिटांत मळलेल्या कणकेसारखा गोळा होतो. तो हातमोज्याला चिकटेनासा झाला की हाडात दाबतात. पुढे तो चांगलाच तापतो आणि दगडासारखा घट्ट होतो. ही उष्णता सोसणारे, भुकटीरूप आणि पाण्यात विरघळणारे प्रतिजैविकच येथे चालते. त्यामुळे जेंटामायसिन, टोब्रामायसिन व व्हँकोमायसिन यांचाच वापर मुख्यतः होतो. ४० ग्रॅम सिमेंटात ०.५ ते १ ग्रॅम जेंटामायसिन असलेली तयार मिश्रणे मिळतात. संसर्गित सांधा काढल्यावर तात्पुरत्या ठेवायच्या ठोकळ्यात याहून कितीतरी अधिक औषध घालतात. कायमच्या सांध्यात तसे करता येत नाही, कारण औषध वाढले की सिमेंट ठिसूळ होते.

क्लाउस क्लेम यांनी फ्रँकफुर्ट येथे १९७० च्या दशकात याच मिश्रणाचे मणी केले. पोलादी तारेत ओवलेला प्रत्येक मणी ७ मिमी. व्यासाचा असून त्यात ४.५ मिग्रॅ. जेंटामायसिन असते. लहान मण्यांमुळे एकूण पृष्ठभाग वाढतो, आणि या पदार्थात सारी मदार पृष्ठभागावरच असते. शरीरातील द्रव सिमेंटाच्या वरच्या थरातील छिद्रांपुरताच शिरतो. तेवढेच औषध बाहेर येते, बहुतेक पहिल्या काही दिवसांत. बाकीचे, बहुधा नव्वद टक्क्यांहून अधिक, आत अडकून राहते. पुढे महिनोन्महिने औषध झिरपते, पण जीवाणू मरतील इतके नाही. अशा अपुऱ्या मात्रेत प्रतिरोधी जीवाणू तगतात आणि रिकामे झालेले सिमेंट त्यांनाच चिकटायला जागा देते. म्हणून मणी साधारण दोन ते सहा आठवड्यांत काढावे लागतात, म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया आली.

हा दोष टाळण्यासाठी विरघळणारे वाहक पुन्हा पुढे आले. त्यांत कॅल्शियम सल्फेट, म्हणजे ड्रेझमान यांचेच प्लास्टर, अग्रभागी आहे. ते काही आठवड्यांत विरते आणि जवळजवळ सर्व औषध मोकळे करते. मात्र विरताना जखमेतून पातळ स्राव येतो व तो पू समजला जाण्याचा संभव असतो.

औषधाविना काम करणाऱ्यांत ‘एस५३पी४’ ही जैवक्रियाशील काच विशेष उल्लेखनीय आहे. फिनलंडमध्ये विकसित झालेल्या या काचेत वजनी प्रमाणात सिलिका ५३, सोडियम ऑक्साइड २३, कॅल्शियम ऑक्साइड २० आणि फॉस्फरस पेंटॉक्साइड ४ टक्के असते. सोडियम व कॅल्शियम आयन सुटल्याने भोवतालचा अल्कपणा (क्षारधर्म) आणि तर्षणदाब (ऑस्मॉटिक दाब) वाढतो व जीवाणूंना टिकणे अवघड होते. दरम्यान काचेच्या पृष्ठभागावर हाडातील खनिजासारखा हायड्रॉक्सिॲपेटाइटचा थर बसतो. प्रतिजैविक नसल्याने नेहमीच्या प्रतिरोधाचा प्रश्न येथे उद्भवत नाही. मात्र ही काच ठिसूळ असल्याने भार पेलणाऱ्या जागी एकटी पुरत नाही.

चांदीचा लेप प्रामुख्याने हाडातील अर्बुद (गाठ) काढल्यानंतर बसवायच्या मोठ्या कृत्रिम अवयवांवर देतात. चांदीच्या आयनांची मात्रा वाढली तर ती अस्थिजनक पेशींनाही अपायकारक ठरते. तांबे, जस्त, कायटोसान (कवचधारी प्राण्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि जीवाणुनाशक पेप्टाइडे (लहान प्रथिनखंड) यांवरील काम बहुतांशी प्रयोगशाळेत व प्राण्यांवर झालेले आहे. सिकाडा कीटकाच्या पंखावरील अतिसूक्ष्म खुंट जीवाणूचे आवरण फाडतात असे २०१२ मध्ये दाखवण्यात आले. त्या धर्तीवर टायटेनियमचे पृष्ठभाग घडवले जात आहेत.