दलचिन्ह (खांद्यावरील)

सैनिक कोणत्या डिव्हिजनचा, ब्रिगेडचा किंवा कोअरचा आहे (काही पलटणी मिळून ब्रिगेड, काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन आणि काही डिव्हिजन मिळून कोअर) हे दाखवण्यासाठी गणवेशाच्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली लावला जाणारा कापडी तुकडा म्हणजे दलचिन्ह. भारतीय लष्करात त्याला ‘फॉर्मेशन साइन’ म्हणतात. हुद्द्याचे तारे, टोपीवरचा रेजिमेंटचा बिल्ला आणि छातीवरची पदके यांपासून ते वेगळे धरले जाते. रेजिमेंट सैनिकाला सहसा नोकरीभर सोडत नाही. पलटण दुसऱ्या डिव्हिजनच्या हाताखाली गेली, की बाहीवरचे चिन्ह मात्र उसवून नवे शिवले जाते. आज या चिन्हांकडे अभिमानाची खूण म्हणून पाहिले जात असले, तरी त्यांचा जन्म एका रुक्ष गरजेतून झाला. गर्दीत आपला माणूस कोणता हे अधिकाऱ्याला कळले पाहिजे, एवढीच ती गरज होती.

अमेरिकन यादवी युद्धात 1862 साली जनरल फिलिप कर्नी याने रस्त्यात रेंगाळणाऱ्या काही अधिकाऱ्यांची खरडपट्टी काढली, आणि मग ते आपल्या हाताखालचे नाहीतच हे त्याला समजले, असे सांगतात. त्यानंतर त्याने आपल्या डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांना टोपीवर लाल कापडाचा तुकडा लावायला लावला. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला कर्नी लढाईत पडला. तुकडा मात्र राहिला. 1863 च्या मार्चमध्ये जनरल जोसेफ हूकर याने ही पद्धत उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या ‘पोटोमॅकच्या सेने’ला संपूर्णपणे लागू केली. आकारावरून कोअर ओळखायचा आणि रंगावरून डिव्हिजन, अशी ती योजना होती. पहिल्या कोअरला वर्तुळ, दुसऱ्याला तीन पाकळ्यांचे पान, तिसऱ्याला पत्त्यांतल्यासारखी चौकट, अकराव्याला चंद्रकोर, बाराव्याला तारा. पहिली डिव्हिजन लाल, दुसरी पांढरी, तिसरी निळी. यात अर्थ वगैरे शोधण्यात हशील नाही, कारण ही निव्वळ वर्गवारी होती.

अर्थ नंतर चिकटतो, याचा नमुना याच युद्धातल्या पंधराव्या कोअरमध्ये सापडतो. या कोअरला तेव्हा चिन्हच नव्हते. दुसऱ्याच एका कोअरच्या शिपायाने तुझा बिल्ला कुठे आहे असे विचारल्यावर एका आयरिश शिपायाने कमरेच्या काडतूसपेटीवर थाप मारली आणि ‘चाळीस फैरी’ एवढेच उत्तर दिले, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे 1865 मध्ये त्या कोअरने खरोखरच काडतूसपेटी आणि त्यावर ‘चाळीस फैरी’ हे शब्द असेच चिन्ह घेतले.

पहिल्या महायुद्धात प्रश्न दुहेरी झाला. गाडीवर किंवा बाहीवर डिव्हिजनचा आकडा लिहिला, तर समोर कोण आले आहे हे शत्रूला आयतेच कळणार; काहीच लिहिले नाही, तर आपल्याच लोकांचा गोंधळ उडणार. आपल्याला कळेल आणि परक्याला कळणार नाही असे चित्र, हा त्यावरचा तोडगा होता. ब्रिटिश डिव्हिजनांनी त्यात बराच खोडकरपणा केला. अठराव्या डिव्हिजनने ‘ए-टी-एन’ ही अक्षरे घेतली, कारण ती भरभर म्हटली की इंग्रजी ‘एटीन’ ऐकू येते. तेहतिसाव्या डिव्हिजनने तीन-तीन ठिपक्यांची डॉमिनोची सोंगटी घेतली. शत्रूचे हेरखाते यामुळे किती काळ बुचकळ्यात पडले असेल, याची शंकाच आहे. 1 जुलै 1916 रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत एकोणतिसाव्या डिव्हिजनच्या सैनिकांच्या पाठीवर पत्र्याचे त्रिकोण होते. आपली माणसे कुठवर पोचली हे मागच्या निरीक्षकांना त्यांच्या चकाकीवरून दिसावे, हा हेतू होता. पण मागे सरपटत येणाऱ्या जखमींचे त्रिकोणही उन्हात चमकले आणि शत्रूच्या बंदुकांना नेम मिळाला, असे त्या दिवसाच्या वर्णनांत येते.

सर्वांत शिस्तशीर पद्धत ऑस्ट्रेलियन सेनेची. 1915 पासून तिथे तुकड्याचा आकार डिव्हिजन सांगे, पायदळात खालचा रंग ब्रिगेड आणि वरचा रंग त्या ब्रिगेडमधली बटालियन (पलटण). आडव्या आयतात काळ्याखाली हिरवा रंग दिसला, की तो पहिल्या डिव्हिजनच्या पहिल्या ब्रिगेडची पहिली बटालियन. हे कोष्टक पाठ असलेल्याला एकही अक्षर वाचावे लागत नसे. अमेरिकन सेनेत मात्र हा प्रकार जवळजवळ आगंतुकपणे शिरला. 1918 मध्ये एक्याऐंशीवी डिव्हिजन बाहीवर रानमांजर लावून फ्रान्समध्ये उतरली. इतर दलांनी कुरकुर केली, पण सेनापती पर्शिंग यांनी ते चिन्ह राहू दिले आणि बाकीच्या डिव्हिजनांनाही आपापली चिन्हे ठरवायला सांगितली.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी ब्रिटिश सेनेने ओळखीच्या खुणा उतरवायला लावल्या, पण 1940 पासून त्या परत आल्या. एकोणपन्नासाव्या डिव्हिजनने आइसलँडमधल्या मुक्कामाची आठवण म्हणून ध्रुवीय अस्वल घेतले होते. त्याचे डोके खाली झुकलेले होते. पुढे आलेल्या जनरल बार्कर यांना ते फारच गरीब वाटले, आणि त्यांनी डोके वर करून डरकाळी फोडणारे अस्वल रेखाटून घेतले. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेच्या ढालीवर तलवारीचे टोक खाली आहे. युरोपीय चिन्हशास्त्राला ते अशुभ वाटते. पण ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली उतरतच परत जिंकावा लागणार, हे तिचे सेनापती जनरल स्लिम यांना ठाऊक होते.

काही चिन्हे काळाने बदलायला लावली. अमेरिकेच्या पंचेचाळिसाव्या डिव्हिजनमध्ये ओक्लाहोमा, कोलोरॅडो, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोचे लोक होते. त्या भागातल्या मूळ रहिवाशांचे मंगलचिन्ह म्हणून तिने 1924 मध्ये लाल चौकोनावर पिवळे स्वस्तिक घेतले. नाझींनी तेच चिन्ह जगभर कुप्रसिद्ध केल्यावर 1939 मध्ये ते उतरवून गरुडासारखा पौराणिक ‘थंडरबर्ड’ आला. लाल-पिवळे रंग आणि चौकोन तेच राहिले.

भारतीय लष्करातली अनेक चिन्हे दुसऱ्या महायुद्धातलीच आहेत: चौथ्या डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचा काळ्या चौकोनावरचा लाल गोळा, सतराव्याचे काळे मांजर, एकोणिसाव्याचा खंजीर, पंचविसाव्याचा इस्पिकचा एक्का, सव्विसाव्याचा त्रिकोणातून बाहेर पडणारा वाघ. फाळणीत सातवी डिव्हिजन आपल्या सोनेरी बाणासह पाकिस्तानकडे गेली. पुढे भारताने त्याच क्रमांकाची डिव्हिजन नव्याने उभारली आणि तिनेही सोनेरी बाणच घेतला. परिणामी सीमेच्या दोन्ही बाजूंना आज ‘गोल्डन ॲरो डिव्हिजन’ आहे.

चिन्ह ओळख सांगते, तसेच ते खोटेही बोलू शकते. 1944 मध्ये अमेरिकेच्या तेविसाव्या विशेष दलाचे सुमारे 1,100 लोक रबरी रणगाडे आणि ध्वनिवर्धक घेऊन युरोपात फिरत. ज्या डिव्हिजनचे सोंग घ्यायचे तिची चिन्हे ते बाहीवर शिवत, ट्रकवर तिचे क्रमांक रंगवत आणि गावातल्या गुत्त्यात बसून मोठ्याने गप्पा मारत. याच्या उलट, 2014 मध्ये क्रायमियात उतरलेल्या रशियन सैनिकांच्या गणवेशावर कोणतेच चिन्ह नव्हते, आणि तेही मुद्दामच.

अमेरिकन सेनेत डाव्या खांद्यावर सध्याच्या दलाचे चिन्ह असते आणि उजव्या खांद्यावर ज्या दलाबरोबर युद्धक्षेत्रात सेवा केली त्याचे. उजव्या खांद्याची ही पद्धत 1945 पासूनची. व्हिएतनाम युद्धात भडक रंग जंगलात उठून दिसू लागले, तेव्हा रणगणवेशासाठी मळकट हिरव्या-काळ्या आवृत्त्या निघाल्या. 2005 च्या सुमारास वेल्क्रोने शिलाईची जागा घेतली. काढणे-लावणे सोपे झाल्यावर अधिकृत चिन्हांशेजारी तुकड्यांची स्वतःची विनोदी चिन्हेही दिसू लागली. टिंगल तशी आधीपासून चालत आली आहे: अमेरिकेच्या पंचविसाव्या डिव्हिजनच्या अळूसारख्या लाल पानावरची पिवळी वीज पाहून तिचेच सैनिक तिला ‘विजेची स्ट्रॉबेरी’ म्हणतात.