गोधडी

घरातल्या जुन्या कापडांचे थर एकावर एक अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले पांघरूण म्हणजे गोधडी. अंथरायलाही तीच. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. बाळासाठी मऊ सुती लुगड्याचे करतात ते दुपटे. रजईत कापूस भरतात, गोधडीत नुसते कापड असते. दोन्ही एकच समजणे चूक.

गोधडीत जाणारे लुगडे आधीच पुष्कळ झिजलेले असते. नऊवारी मध्यावर विरली की तेवढा भाग काढून उरलेली टोके जोडतात. याला दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडेही विटले, की मग गोधडीची पाळी. वर आणि खाली लुगडे, आत धोतर, सदरे, परकर उसवून केलेले तुकडे. बटणे, काज, जाड शिवणी आधी काढून टाकतात. राहिल्या तर सुई अडते आणि निजणाऱ्याच्या पाठीला टोचतात.

आधी लांब टाके घालून थर धरून ठेवायचे, मग कडेपासून चौकोनात फिरत मध्याकडे शिवत यायचे. टाका सगळ्या थरांतून आरपार गेला पाहिजे. वरवर घेतला, तर पहिल्याच धुण्यात आतल्या चिंध्या एका कोपऱ्यात गोळा होतात. वर खणाचे त्रिकोण किंवा रंगीत ठिगळे लावायची की नाही, हे शिवणारीच्या हौसेवर. ठिगळ मुळात भोक झाकायला आलेले. नक्षी मागाहून झाली.

हे काम बहुधा उन्हाळ्यात, शेतीची कामे हलकी असताना चाले. धुण्याचा मोठा मान नवरात्रापूर्वीच्या साफसफाईचा. ओली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोके धरून पिळतात आणि नदीकाठच्या खडकावर पसरतात.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या समाजातील) बायकांची ‘कवंद’ ही गोधडीची जवळची बहीण; तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेली कापडी ‘फुले’ लावतात. बंगालच्या कांथ्यात भरतकामाला अधिक जागा असते.

पॉलिएस्टर साड्यांमुळे गोधडी रंगीत आणि टिकाऊ झाली, पण तिची ऊब बिघडली. हे कापड घाम टिपत नाही, शिवताना थर निसटतात. म्हणून अंगाला लागणाऱ्या बाजूला जुनी सुती चादर घालणे बरे.