रेंज येईल तेव्हा उत्तर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत माडापोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. कॉलेजं मार्चपासून बंदच होती, त्यात ऑनलाइन तासही गेले. उपयोगी पडला तो व्हॉट्सॲपचा ग्रुप. तिथे टाकलेली शंका रेंज येईपर्यंत वाट बघत राहते.

वाट बघणारी ही शंका जुनी आहे. १९७३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शिकवण्यासाठी बनवलेल्या 'प्लेटो' संगणकावर डेव्हिड वूली या जेमतेम १७ वर्षांच्या मुलाने 'नोट्स' तयार केलं. यंत्रणेतले दोष नोंदवायचे, एवढंच काम. आधी त्यासाठी एकच सामायिक फाइल होती आणि तिच्यात कुणीही कुणाचंही लिहिलेलं खोडू शके. वूलीने प्रत्येक नोंद वेगळी ठेवली आणि तिची उत्तरं तिच्याच खाली लावली. पुढे १९८८ मध्ये ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने एका अभ्यासक्रमाच्या हजारावर विद्यार्थ्यांना घरच्या फोनलाइनवरून संगणकावरच्या लेखी चर्चेत आणलं. २००२ मध्ये मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर आलं. ते करणारा मार्टिन डुगियामस लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या निर्जन भागात रेडिओवरच्या शाळेत शिकला होता, हे मला फार बोलकं वाटतं.

आपल्याकडचा रेडिओ म्हणजे पोस्टमन. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासूनचं. नोट्स टपालाने यायच्या, पण अडलं तर विचारायचं कुणाला? राजापूर-देवगडच्या पोराने त्यासाठी रातराणीने मुंबई गाठायची काय! २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाने व्हिडिओ, वाचन आणि चाचणीच्या जोडीला चर्चा हा चौथा भागच मानला.

पोरं मात्र व्हॉट्सॲपवरच राहिली. तो आधीच हातात होता आणि कमी रेंजमध्येही चालतो. पण वूलीने जे सोडवलं होतं तेच इथे पुन्हा गुंतलं. सगळे निरोप एकाच रांगेत, त्यामुळे सकाळी विचारलेली शंका दुपारपर्यंत गुलाबाच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या केकखाली गाडली जाते. उत्तर रात्री येतं, पण ते कशाचं हे कळायला वर सरकत जावं लागतं. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी तोच प्रश्न नव्याने पडतो आणि त्याच्या मागोमाग, 'सर, पीडीएफ टाका ना.'