नोल्टन निवडुंग: न बुडालेल्या टेकडीची गोष्ट

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, कोलोरॅडोच्या हद्दीला जवळजवळ खेटून, लॉस पिनोस नदीजवळ दगडगोट्यांची एक टेकडी आहे. पिन्यन पाइन आणि जुनिपरची ठेंगणी झाडं, मधूनमधून सेजब्रशची झुडपं. नोल्टन निवडुंगाचं निसर्गातलं घर म्हणजे मुख्यतः ही एकच टेकडी.

१९५८ मध्ये फ्रेड नोल्टन यांना तो इथे सापडला. वनस्पतिशास्त्रज्ञ लायमन बेन्सन यांनी त्यांच्याच नावावरून त्याला ‘पेडिओकॅक्टस नोल्टनाय’ म्हटलं. तोवर तो कुणाच्या नजरेत भरला नाही, यात नवल नाही. खोडाची रुंदी १ ते ३ सेंटिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीपासून फार तर सुपारीएवढी. काटे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचे, खोडाला चिकटून कंगव्याच्या दातांसारखे पसरलेले. बोट फिरवलं तरी टोचत नाहीत. थंडीत आणि कोरड्या दिवसांत खोड आक्रसून जमिनीत बसतं, तेव्हा वरून नुसते गोटेच दिसतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र त्यावर गुलाबी फुलं येतात, जवळपास खोडाएवढीच रुंद, आणि मग त्याला लपता येत नाही.

शोध लागला तो काळच वाईट होता. सॅन ह्वान नदीवर नवाहो धरण उभं राहत होतं आणि लॉस पिनोस ही तिचीच उपनदी. टेकडी पाण्याखाली जाणार, अशी निवडुंगप्रेमींची समजूत झाली. १९६० मध्ये त्यांनी ‘वाचवण्यासाठी’ हजारो रोपं उपटून नेली. धरण १९६२ मध्ये पूर्ण झालं, जलाशय भरला, पण पाणी टेकडीपर्यंत पोहोचलंच नाही. नकाशावर पाण्याची रेघ कुठवर येते, एवढं आधी पाहिलं असतं तरी पुरे होतं! त्यानंतरही हौशी संग्राहक येतच राहिले. दुर्मीळ असल्याची ख्याती हीच अशा झाडाची सर्वांत मोठी शत्रू ठरते.

१९७९ मध्ये अमेरिकी सरकारने त्याला संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. टेकडीची सुमारे १० हेक्टर जमीन तिच्या मालक वीज कंपनीने ‘द नेचर कॉन्झर्व्हन्सी’ या निसर्गसंवर्धन संस्थेला दान केली आणि तिला कुंपण पडलं. पुढे खोडाच्या तुकड्यांपासून रोपं तयार करून ती आसपासच्या तशाच जमिनीत लावायला सुरुवात झाली. आता खोदून नेणाऱ्यांपेक्षा दुष्काळाचा आणि रसाळ खोडं कुरतडणाऱ्या सशांचा, उंदरांचा त्रास जास्त आहे.