पाऊस पडला की नैराश्य कमी होते: मानसिक उपचारांची परीक्षा कशी घ्यावी?

मराठवाड्यात ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ हे वाक्य डॉक्टर, वैदू आणि देवऋषी या तिघांविषयीही सारख्याच खात्रीने बोलले जाते. मात्र त्याच उपचाराची क्लिनिकल ट्रायल होणार असे कळले, की ‘आमचे उंदीर करणार का?’ हा प्रश्न हमखास येतो. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे रुग्णाला बरे वाटले की उपचार सिद्ध झाला, मग चाचणी कशाला?

या समजुतीने उत्तम शिकलेले डॉक्टरही फसले आहेत. स्किझोफ्रेनिया या भास-भ्रम होणाऱ्या गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना इन्सुलिन देऊन बेशुद्धावस्थेत नेण्याची उपचारपद्धती १९३०च्या दशकात व्हिएन्नात सुरू झाली आणि जगभर पसरली. त्यात काही रुग्ण दगावतही असत, तरीही बरे झालेले रुग्ण समोर दिसत असल्याने तिच्यावर विश्वास टिकून होता. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत रुग्णांचे दोन गट करून एकाला इन्सुलिनने आणि दुसऱ्याला झोपेच्या औषधाने बेशुद्ध केले, तेव्हा दोन्ही गटांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. म्हणजे इन्सुलिनचा स्वतःचा असा काही प्रभावच नव्हता.

मग रुग्ण बरे कशाने होत होते? काळजीपूर्वक केलेल्या शुश्रूषेचा वाटा त्यात होताच, पण माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतलेले कारण संख्याशास्त्रीय आहे. नैराश्य मोजण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात आणि तिचे गुण ० ते २७ असतात. समजा, एखाद्या शेतकऱ्याचे गुण वर्षभर १४च्या आसपास राहतात, परंतु कधी ९ पर्यंत उतरतात, तर कधी २० पर्यंत चढतात. तो दवाखान्याची पायरी कधी चढेल? गुण ९ असताना नव्हे, तर २० असताना, म्हणजे झोप उडाल्यावर, जेवण तुटल्यावर आणि घरच्यांनी हाताला धरून आणल्यावर. महिन्याभराने पुन्हा मोजले, तर काहीही उपचार न करता त्याचे गुण १४च्या जवळ येण्याची शक्यता २० वरच राहण्यापेक्षा बरीच जास्त असते. टोकाची मोजमापे पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतात, हे फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवले होते.

भानामती उतरवणाऱ्याचा धंदा याच उतारावर चालतो, कारण त्याच्याकडेही माणूस टोकाच्या अवस्थेतच येतो. २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही हे थांबत नाही. पण ‘सात दिवसांत तणावमुक्ती’ विकणारी मोबाइलवरील जाहिरातही याच गणितावर पोसली जाते, हेही सांगायला हवे.

यावर उपाय म्हणजे तुलनेसाठी दुसरा गट ठेवणे आणि कोण कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरवणे. डॉक्टरने निवड केली, तर तो नकळत आशादायक रुग्ण नव्या उपचाराकडे वळवतो. चिठ्ठीमुळे बरे होण्याची ओढ, वय, कर्ज, दारू हे सारे दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जाते, आणि सरासरीकडे घसरणेही दोन्हीकडे सारखेच होते. म्हणून उरलेला फरक उपचाराचा मानता येतो. मात्र गट लहान असून चालत नाही. नैराश्याच्या औषधांचा प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीपेक्षा, जास्त दिसणारा परिणाम प्रमाण विचलनाच्या (रुग्णारुग्णांचे गुण सरासरीभोवती किती विखुरतात त्या मापाच्या) सुमारे ०.३ पट आहे. एवढा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे १७५ रुग्ण लागतात. परिणाम निम्मा असेल, तर ही संख्या दुप्पट नव्हे, चौपट होते.

गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेली आणि २०१६च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली चाचणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण तिच्यात होते आणि समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के, तर फक्त सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले होते. दुसरा गट नसता, तर ६४चे सगळे श्रेय समुपदेशनाला मिळाले असते.

आपल्याकडे २०१५ पासून राज्य शासनाचा प्रेरणा प्रकल्प मराठवाडा आणि विदर्भात चालतो, आणि आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन मानसिक त्रासात असलेली माणसे शोधतात. अशा कामाचा परिणाम ‘आधी आणि नंतर’ मोजून ठरवणे धोक्याचे आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी येत असताना एखादा कार्यक्रम सुरू झाला असता आणि त्याच वर्षीच्या चांगल्या पावसानंतर मोजणी झाली असती, तर समुपदेशनाचे यश म्हणून पावसाचेच यश अहवालात नोंदले गेले असते.

येथे चिठ्ठी माणसांची नव्हे, आरोग्य केंद्रांची टाकावी लागते. एकाच केंद्राखालच्या गावांचा पाऊस, बाजारभाव आणि कर्जमाफी सारखीच असल्याने त्या माणसांची उत्तरेही एकमेकांशी मिळतीजुळती येतात, आणि त्यामुळे माणसे वाढवण्यापेक्षा केंद्रे वाढवणे जास्त उपयोगाचे ठरते. सहभागी होणाऱ्याची स्वेच्छेने व समजून दिलेली संमती २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. उंदीर केल्याच्या शंकेलाही या रचनेत उत्तर आहे: सर्व केंद्रांत एकाच वेळी काम सुरू करण्याइतके प्रशिक्षित लोक तसेही नसतात, तेव्हा कोणत्या केंद्रात यंदा आणि कोणत्या केंद्रात पुढच्या वर्षी समुपदेशन सुरू होईल एवढेच चिठ्ठीने ठरते, आणि तोवर दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळतच राहतात.