जथा मोडला तो पहारीने

‘इंग्रज येण्यापूर्वी जमीन अख्ख्या गावाची असायची’ हे वाक्य हल्ली फार फिरते. दख्खनपुरते ते अर्धेच खरे आहे. सामाईक असे ते थळ, म्हणजे एका मूळपुरुषाच्या नावाने ओळखले जाणारे क्षेत्र. त्याचे वंशज म्हणजे जथा. प्रत्येक भाऊबंद आपला वाटा वेगळा कसत असे, पण सारा भरायची जबाबदारी जथ्याची. एखादे घर निर्वंश झाले की त्याचा वाटा बाकीच्यांकडे येई, आणि त्यावरचा साराही. उपऱ्या, म्हणजे बाहेरून आलेल्या, कुळाला यात मिरासहक्क, म्हणजे वंशपरंपरेची मालकी, नव्हता. तेव्हा समतेचे गोडवे जरा आवरते घ्यावेत.

पुढे इंग्रज अधिकारी प्रिंगलने निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा बसवायचा घाट घातला, पण मुळातले आकडेच खोटे निघाले. मग १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी उत्पन्नाचा नाद सोडून थेट माती तपासली.

त्यांची युक्ती देखणी होती. शेताचे साधारण सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात पहारीने खणून खोली बघायची. मातीच्या जाती तीन: काळी बारीक पोताची, तांबूस भरड, आणि मुरमाड. काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर १६ आणे, म्हणजे सर्वांत वरची प्रत, सव्वा हात असेल तर १२. मुरमाड माती हातभर खोल असली तरी ६ आणेच. कारण ओल धरून ठेवते ती खोली, आणि ती टिकवतो तो पोत. चुनखडी, उतार, वाळू, पाणी साचणे अशा प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. म्हणजे १२ आण्यांच्या मातीत चुनखडीही आहे आणि उतारही, तर १२ चे १०, १० चे ८.

तीन भाग १२, ८ आणि ६ आण्यांचे निघाले, तर सरासरी ८ आणे ८ पै (१२ पैंचा एक आणा). गावाचा कमाल दर, म्हणजे १६ आणे प्रतीच्या जमिनीचा सारा, समजा एकरी १२ आणे, तर या शेताला एकरी ६ आणे ६ पै. हा दर ३० वर्षांसाठी कायम.

या सगळ्या गणितात माणूस कुठेच नाही. पहारीला माती कळते, भाऊबंदकी कळत नाही. सारा बसला तो सर्व्हे नंबरावर, म्हणजे मोजून क्रमांक दिलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, आणि उत्तरदायी ठरला ज्याच्या नावावर खाते तो एकटा. शेजारच्या घराची थकबाकी आता त्याच्या गळ्यात नव्हती; पण दुष्काळात त्याचा सारा उचलून धरणारेही कुणी उरले नाही. नको असलेला नंबर राजीनामा देऊन सोडता येई, गहाणही टाकता येई. सावकाराला हेच हवे होते.

गुजरातेत नरवा आणि भागदारी, म्हणजे भागांत वाटलेल्या पण साऱ्याची जबाबदारी सामाईक असलेल्या, गावांसाठी मात्र त्याच सरकारने १८६२ मध्ये कायदा करून भाग तोडून विकायला बंदी घातली.