काउंटीच्या हद्दीवर अडकलेली सबसिडी: अमेरिकन शेतकऱ्याच्या चेकमागची गोष्ट

आयोवा, इलिनॉयसारख्या मका-सोयाबीनच्या भागात सबसिडी घेणाऱ्यांची काउंटीवार (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) यादी निघाली की पहिला वाद ठरलेलाच. हा तर शहरात राहतो, याला शेतीचे पैसे कसे काय?

सुरुवात १९३३ ची. मंदीत भाव कोसळले होते, सरकार म्हणालं कमी पेरा आणि पैसे घ्या, उभा कापूस नांगरायला लावला, चेक गेला जमीनमालकाकडे आणि दक्षिणेत वाट्याने कसणारी कुळं देशोधडीला लागली. १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा उडवला, १९३८ ला दुसरा आला. या योजना राबवणारी, शेतकऱ्यांनी निवडलेली काउंटी कमिटी मात्र तेव्हापासून आहे ती आहेच.

खरा गुंता १९९६ नंतरचा. त्या वर्षी पीक आणि पैसे यांची फारकत झाली. जुन्या पेऱ्याच्या रेकॉर्डवरून फार्मच्या नावावर 'बेस एकर' लागलेले असतात, पैसे त्यावर, यंदा शेतात काय उभंय याच्याशी संबंध नाही. टेक्सासमध्ये भाताच्या जमिनीचे प्लॉट पाडून घरं झाली, मागे नुसतं गवत, तरी भाताचे पैसे चालू! हे थेट पेमेंट २०१४ च्या कायद्याने बंद झालं, बेस एकर मात्र तसेच राहिले.

त्याच कायद्याने आणलेली काउंटीची महसूल हमी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाची हमी, ही माझ्या मते सगळ्यात वादाची गोष्ट. काउंटीचा सरासरी उतारा (एकरी उत्पादन) गुणिले देशाचा भाव, ५ वर्षांतलं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं वर्ष काढून, असा एक आकडा ठरतो. त्या वर्षीचा आकडा त्याच्या ८६ टक्क्यांखाली गेला की फरक मिळायचा, तोही मूळ आकड्याच्या १० टक्क्यांपर्यंतच आणि ८५ टक्के बेस एकरांवर. २०१२ च्या दुष्काळातले चढे भाव सरासरीत होते, त्यामुळे मका-सोयाबीनच्या ९० टक्क्यांहून जास्त बेस एकरांसाठी हीच योजना निवडली गेली. तेव्हा निवड एकदाच होती, ५ वर्षांसाठी.

गंमत अशी की तुमचं स्वतःचं पीक बुडालं पण काउंटीला चांगलं आलं तर हातात शून्य. आपल्याकडे पीकविम्यात महसूल मंडळाच्या पीक कापणीवरून जे भांडण होतं ना, तेच. रस्त्याच्या अलीकडे चेक, पलीकडे काही नाही, कारण मधून काउंटीची हद्द जाते. वर उतारा कुठून यायचा, तर शेतकऱ्यांनी भरून पाठवलेल्या सर्व्हेच्या फॉर्मवरून! किमान ३० फॉर्म किंवा कापणीच्या २५ टक्के क्षेत्राचा हिशेब आला नाही तर त्या काउंटीचा आकडाच छापत नसत, मग दुसरीकडून जुळवाजुळव. ज्यांनी फॉर्म भरायचा कंटाळा केला त्यांनीच नंतर आरडाओरडा केला असेल, पण तरी ही पद्धत बरोबर होती असं काही म्हणता येत नाही. २०१८ च्या कायद्यात दुरुस्ती झाली, आधी पीकविम्याचा आकडा बघायचा आणि जमीन खरोखर ज्या काउंटीत आहे तिचाच दर लावायचा. आधी फार्मचे कागद ज्या काउंटीच्या ऑफिसात, तिचा दर लागायचा.

मग चीनबरोबरचं व्यापारयुद्ध. २०१८ च्या भरपाईत सोयाबीनला बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं माप) १.६५ डॉलर आणि मक्याला १ सेंट, मकावाले जाम भडकले. २०१९ ला पिकावरचा दर काढून प्रत्येक काउंटीला एकच दर केला, एकरी १५ पासून १५० डॉलर. म्हणजे पुन्हा हद्दीचंच भांडण, आता फक्त सगळ्या पिकांसाठी एकत्र.

२०२५ च्या कायद्याने हमी ९० टक्के केली, फरकाची मर्यादा १२ टक्के, माणशी मर्यादा १,२५,००० वरून १,५५,००० डॉलर, आणि देशभरात ३ कोटींपर्यंत नवे बेस एकर द्यायची सोय. म्हणजे यादी अजून लांबणार.